अंड्याला इंग्रजीत काय म्हणावे?

इंग्रजी शब्दांचे तीन थर, नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा), फ्रेंच आणि लॅटिन, असा विषय मी आपल्याला कळवला होता. त्या तिन्हींकडे मी येणारच आहे. परंतु आरंभ एका अंड्यापासून करण्याची मुभा मला द्यावी.

विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, हे आपण जाणताच. पुढे १४९०च्या सुमारास छापलेल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने एक हकिगत सांगितली आहे. टेम्स नदीतून काही व्यापारी नेदरलँड्समधल्या झीलंडला निघाले होते. वारा पडल्यामुळे जहाज खोळंबले आणि मंडळी खाण्याच्या शोधात किनाऱ्यावर उतरली. त्यांतल्या शेफील्ड नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने एका घरी जाऊन ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. त्याला फक्त अंडी हवी होती! शेवटी दुसरा कोणी म्हणाला, याला ‘एइरन’ हवीत, आणि बाईला लगेच उलगडा झाला. आता माणसाने लिहावे तरी काय, ‘एग्ज’ की ‘एइरन’, असे कॅक्स्टन विचारतो. आणि छपाईचे खिळे जुळवून एकच रूप सगळ्या प्रतींत छापणे ज्याला भाग आहे, त्याची ही खरीखुरी अडचण होती.

त्या बाईचा शब्द अस्सल इंग्रजी होता. ‘एग’ आणला तो इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत नवव्या शतकापासून वस्ती केलेल्या नॉर्सभाषक लोकांनी. म्हणजे शब्द परका आहे हे तिने बरोबर ताडले, चुकला तो फक्त देश. डर्बी, व्हिटबी या गावांच्या नावांतला ‘बी’ त्याच लोकांचा. इंग्रजीत जुना ‘स्क’ मऊ होऊन ‘श’ झाला, नॉर्समध्ये तो टिकला; म्हणून एकाच मुळातून निघालेले ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ आज शेजारी शेजारी नांदतात. ‘स्काय’, ‘स्किन’, ‘विंडो’, फार काय, ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामेसुद्धा नॉर्स आहेत. शब्द नेहमी दरबारातून खाली झिरपतात, असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते, त्याचा मला मनापासून राग येतो. सर्वनाम कोणी प्रतिष्ठेसाठी उसने घेत नाही. ते बांधाला बांध लागलेल्या शेतांतून, सोयरिकींतून आणि बाजारातल्या घासाघिशीतून येते.

वेळ संपत आल्याची खूण मला झाली आहे, तेव्हा उरलेले दोन थर भराभर सांगतो. १०६६मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा झाली; ‘जज’, ‘ज्यूरी’, ‘पार्लमेंट’ हे शब्द त्या वाटेने आले, आणि दरबाराचा नियम इथे मात्र लागू पडतो. लॅटिनचा थर पंडितांचा. ‘डेट’, म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून ‘ब’शिवाय आला होता, लॅटिन ‘डेबिटम’शी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी त्यात ‘ब’ घातला, तो इंग्रजांच्या जिभेवर कधीच चढला नाही.

आणि ‘एइरन’? तो शब्द गेला, पण त्याची घडण राहिली. ‘एइरन’मध्ये जुन्या अनेकवचनी ‘र’वर पुन्हा अनेकवचनी ‘न’ चढवलेला आहे, आणि नेमकी तशीच दुहेरी घडण ‘चिल्ड्रन’ या शब्दाची आहे.