स्प्रे मारला, पण पोचला कुठे?

मंडळी, तुमच्यापैकी किती जणांच्या घरात नाकाचा स्प्रे आहे, हात वर करा बघू. निम्मा हॉल! आता पुढे येऊन मारून दाखवा म्हटलं तर एकही उठणार नाही, हसू नका, क्लिनिकमध्येपण हेच होतं.

वाशीच्या मसाला मार्केटमधले एक व्यापारी ट्रान्स हार्बर पकडून माझ्याकडे ठाण्याला यायचे. जन्मभर तळहातावर वेलची चुरडून नाकाशी नेणार आणि भाव सांगणार असा माणूस, आता चुरडायचे, हुंगायचे आणि मुलाकडे बघायचे की बाबा तूच सांग. भाजी करपली तरी कळत नाही म्हणाले, उद्या गॅस लीक झाला तर? तीन महिने स्टेरॉइडचा स्प्रे चालू, फरक शून्य. म्हटलं दाखवा कसा मारता. मान मागे, फस्स, आणि मग असा जोरात सूं करून ओढला की सगळं घशात, वर म्हणतात कडू लागतं हो. लागणारच, औषध पोटात गेलं ना!

वास ओळखणारा भाग असतो नाकाच्या पार छताला, दोन डोळ्यांच्या मध्ये, एका चिंचोळ्या फटीत. फवारा बराचसा पुढेच अडकतो. त्यात यांना पॉलिप, म्हणजे सोललेल्या द्राक्षासारखे मऊ फुगवटे, वाटच बंद. अशा सुजेवर स्टेरॉइड छान चालतं, पण नीट मारलं तर आणि रोज, काही आठवडे. उजव्या नाकपुडीला डावा हात, मान किंचित खाली, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, कानाकडे हवं, पडद्यावर मारत राहिलात तर रक्त येतं. श्वास हळू. आणि स्टेरॉइड म्हटलं की दचकू नका, फ्ल्युटिकासोन नावाच्या स्प्रेतल्या स्टेरॉइडचं बघा, एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम, इतकंच असतं. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर कुशीवर झोपून, डोकं कलतं आणि हनुवटी वर, जपान्यांनी या पोझिशनला कायतेकी नाव दिलंय, कायतेकी म्हणजे आरामशीर. थेंब छतापर्यंत जायचा चान्स त्यात जास्त.

कोविडनंतर वास गेला त्यांचं काय? तिथे बहुतेकदा सुजेपेक्षा वासाच्या यंत्रणेलाच मार बसलेला असतो. २०२१ साली इजिप्तमध्ये १०० पेशंटवर ट्रायल झाली, सगळे वास हुंगायचा सराव करत होते, निम्म्यांना वर मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे, आणि स्प्रेमुळे म्हणावा असा फरक काही पडला नाही. तो सराव म्हणजे गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या टीमने मांडलेला. कंटाळवाणा आहे खरा, पण मी तोच सांगतो.

आपले व्यापारी पाचव्या आठवड्यात आले ते बाटली हातात घेऊनच. म्हणाले, डॉक्टर, कंपनीने यात गुलाबपाणी घातलंय का हो? त्यांच्या स्प्रेत फिनाइल इथाइल अल्कोहोल होतं, वास गुलाबासारखाच. पहिल्या दिवसापासून होतं ते.