परदेशातला नागरिक, युद्ध आणि सरकारचं देणं

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर माझा विषय असा छापलाय : ‘युद्धकाळात परदेशस्थ नागरिकांची सुटका : कायदेशीर बाजू’. त्यातले ‘कायदेशीर बाजू’ हे शब्द आयोजकांनी जरा बारीक टाइपात टाकलेत. लोक येणार नाहीत अशी धास्ती असावी. तरी तुम्ही आलात, म्हणजे घरातलं कोणी ना कोणी बाहेर आहे. हात वर करायला सांगत नाही, चेहऱ्यांवरून कळतं.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी भरकटलो तरी तुमच्या पदरात काही पडलेलं असेल. युद्ध पेटलेल्या देशातून आपल्या माणसाला बाहेर काढणं हे सरकारचं औदार्य नाही, देणं आहे. आणि देणं असेल तर ते कागदावर हवं. बहुतेक देशांत ते कागदावर नाही. कायद्याकडे येतोच, पण आधी तेहरानला जाऊन येऊ.

साल १९८५, मार्च महिना. इराण-इराक युद्धाचं पाचवं वर्ष. दोन्ही बाजू एकमेकांच्या शहरांवर क्षेपणास्त्रं टाकताहेत. १७ मार्चला सद्दाम हुसेननी जाहीर केलं की अठ्ठेचाळीस तासांनंतर इराणच्या आकाशात जे विमान दिसेल ते पाडलं जाईल. प्रवासी विमान असो, नाहीतर आणखी कुठलं. झालं, तेहरानच्या विमानतळावर झुंबड उडाली. ज्या देशांची विमानं तिथं येत होती त्यांनी आपापली माणसं आधी उचलली, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. उरले जपानी. व्यापारी कंपन्यांचे लोक, इंजिनिअर, बायकामुलं. हातात दुसऱ्या विमान कंपन्यांची तिकिटं, पण जागा नाही.

आता जपान म्हणजे काही फाटका देश नव्हे. त्या काळी अख्खं जग त्यांच्या गाड्या आणि टेप-रेकॉर्डर विकत घेत होतं. पण जपानी विमान कंपनीची तेहरानला नियमित फेरी नव्हती, आणि सुरक्षिततेची हमी मिळाल्याशिवाय विमान पाठवायला ती तयार नव्हती. लष्करी विमान पाठवावं, तर अशा कामासाठी स्वसंरक्षण दलाला देशाबाहेर धाडण्याची कायद्यात सोयच नव्हती. सरकारची इच्छा होती, पैसा होता, वैमानिक होते. पण ‘हे करायचं’ असं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि घड्याळ चालू होतं.

शेवटी जपानी राजदूतानं तुर्कस्तानच्या राजदूताकडे शब्द टाकला. तुर्की विमान कंपनीनं दोन विमानं दिली. १९ मार्चला, मुदत संपायच्या थोडं आधी, २१५ जपानी नागरिक तेहरानमधून उडाले. तुर्की हद्दीत शिरल्यावर वैमानिकानं ‘तुर्कस्तानात आपलं स्वागत आहे’ असं जाहीर केलं तेव्हा विमानात रडारड झाली, असं त्यातले प्रवासी पुढे सांगत राहिले. आणि तेहरानमधले तुर्की नागरिक? त्यांच्यापैकी शेकडो जण मोटारींनी, रस्त्यानं घरी गेले. आपल्याच देशाच्या विमानात परक्यांना बसवलं म्हणून त्यांनी ओरड केली नाही. याचा मला आजही अचंबा वाटतो. आपण असतो तर... जाऊ द्या, तुम्ही हसलात म्हणजे पोचलं.

तुर्कस्ताननं हे का केलं? याचं उत्तर १८९० मधलं आहे. ‘एर्तुगरुल’ नावाची तुर्की युद्धनौका सदिच्छा भेटीवरून परतताना जपानच्या वाकायामा किनाऱ्याजवळ वादळात फुटली. पाचशेहून जास्त खलाशी बुडाले. किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांनी ६९ जणांना वाचवलं, घरात साठवलेलं होतं नव्हतं ते त्यांना खाऊ घातलं, आणि पुढे जपानी नौदलानं त्यांना इस्तंबूलपर्यंत पोचवलं. तुर्कस्तान ते विसरला नव्हता.

ही गोष्ट मला फार आवडते आणि मी ती जाईन तिथं सांगतो, हे आज पहिल्या रांगेत बसलेल्या काही जणांना माहीत आहे. त्यांची क्षमा मागतो. पण सांगून झाली की दरवेळी मी अस्वस्थ होतो. एका बलाढ्य देशाच्या २१५ करदात्यांचा जीव पंचाण्णव वर्षांपूर्वीच्या एका जहाजबुडीवर अवलंबून होता. ते जहाज धड घरी पोचलं असतं तर?

जपाननं धडा घेतला, पण सावकाश. परदेशातल्या नागरिकांना आणायला लष्करी विमानं पाठवता यावीत म्हणून १९९४ मध्ये कायदा बदलला. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं. या वेळी विमानं गेली, पण उशिरा गेली, आणि त्यांतून एक जपानी नागरिक आणि चौदा अफगाण एवढेच बाहेर आले. जपानी दूतावासासाठी काम केलेले शेकडो अफगाण मागे राहिले. म्हणजे नुसत्या परवानगीच्या कायद्यानं भागत नाही. केव्हा निघायचं, हेही कुणाच्या तरी अंगावर टाकावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, आपलं तसं नाही. खरंय, आपला हिशेब पुष्कळ बरा आहे. १९९० मध्ये इराकनं बळकावलेल्या कुवेतमधून सुमारे १,७०,००० भारतीय. बसमधून बसरा, बगदाद, तिथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं, दोन महिने, ४८८ उड्डाणं. एखाद्या मुलकी विमान कंपनीनं केलेली जगातली सर्वांत मोठी सुटका म्हणून ती नोंदली गेली. सिनेमावाले अशा कथेत एक नायक उभा करतात, पण खरी भिस्त होती ती याद्या करणाऱ्या, बस ठरवणाऱ्या, वाळवंटातल्या छावणीत पाणी पोचवणाऱ्या माणसांवर. त्यांत अधिकारी होते आणि कुवेतमधले साधे भारतीयही. मग २००६ लेबनॉन, २०११ लिबिया, २०१५ येमेन. येमेनमधून तर आपण साडेचार हजारांवर भारतीय आणलेच, शिवाय चाळीसहून अधिक देशांची साडेनऊशे माणसं आणली. ज्यांच्याकडे बड्या बड्या नौका आहेत असे देशसुद्धा ‘आमचेही चार आहेत, घ्या ना’ म्हणून आपल्याकडे आले होते. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

पण माझी एक जुनी तक्रार आहे, ती आज बोलून घेतो. सुकून, राहत, देवी शक्ती, गंगा, कावेरी, अजय, सिंधू. आपल्या सुटका-मोहिमांची ही नावं सुंदर आहेत. नाव ठेवलं की मोहीम होते, मोहीम झाली की विजय होतो, आणि विजय झाला की विमानतळावर गुलाबाची फुलं येतात. सुटून आलेला पोरगा तीन रात्री झोपलेला नसतो. त्याच्या हातात फूल दिलं जातं आणि समोर कॅमेरा. त्यानं आभार मानायचे असतात. कुणाचे? अग्निशमन दलानं घर विझवलं तर आपण त्यांना चहा पाजतो, पण त्यांनी आल्याबद्दल उपकार केले असं कुणी म्हणत नाही.

आणि सगळ्यांत मोठी सुटका, जी झालीच नाही, तिला नावसुद्धा नाही. १९४२, ब्रह्मदेश. रंगून जपान्यांच्या हाती पडत होतं आणि चार-पाच लाख हिंदी माणसं पायी निघाली. आराकानच्या डोंगरांतून, तामूवरून मणिपूरकडे. वाटेत पटकी, मलेरिया, भूक. हजारो मेली, आणि नेमकी किती हे कुणी मोजलंच नाही. त्यातही गोऱ्यांना वाट वेगळी आणि काळ्यांना वेगळी, यावरून त्या वेळी मोठं काहूर उठलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं तेव्हा होतं कुणाकडे? आपल्या बापूजी अण्यांकडे. खातं होतं, मंत्री होता, सहानुभूती तर होतीच होती. पण बोटी आणि विमानं कुणाला आधी द्यायची हे ठरवणारे दुसरेच होते. आपल्याकडच्या पुस्तकांत या प्रकरणाला मोठ्या मुश्किलीनं एखादा परिच्छेद मिळतो. यावर मी स्वतंत्र व्याख्यान देऊ शकतो. नको? बरं.

युक्रेनचं मात्र सांगतोच, कारण अडचण नेमकी कुठं आहे ते तिथं दिसतं. १५ फेब्रुवारी २०२२ ला आपल्या दूतावासाची सूचना निघाली. ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा, असा तिचा आशय होता. आता वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षातला पोरगा हे वाचून काय करेल? विद्यापीठ म्हणतं हजेरी हवी. तिकीट महाग. वडिलांनी कर्ज काढलंय. ‘विचार करावा’ म्हटल्यावर तो विचार करत बसला. २४ तारखेला हल्ला झाला, आकाश बंद झालं, आणि विद्यार्थ्यांना आणायला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं. २ मार्चला खारकीवमधल्यांना आणखी एक सूचना आली : ताबडतोब शहर सोडा, वाहन मिळालं नाही तर पायी निघा, संध्याकाळी सहाच्या आत अमुक गावी पोचा. पंधरवड्यात ‘विचार करा’पासून ‘चालत निघा’पर्यंत! पुढे चार मंत्री शेजारच्या देशांत जाऊन बसले, सुमारे बावीस हजार माणसं परत आली, आणि ते काम उत्तमच झालं. माझा प्रश्न त्याच्या आधीच्या नऊ दिवसांचा आहे. त्या दिवसांत निर्णयाचं ओझं वीस वर्षांच्या मुलावर होतं आणि माहिती सरकारकडे होती.

त्याच दिवसांत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीशांनी विचारलं, की युद्ध थांबवा म्हणून मी रशियाच्या अध्यक्षांना आदेश देऊ का? सगळे हसले. प्रश्न बरोबरच होता. पण युद्ध थांबवणं वेगळं आणि आपल्या नागरिकाला वेळेत नीट सांगणं वेगळं. दुसऱ्याबद्दल न्यायालय आदेश देऊ शकेल, फक्त कशाच्या आधारावर? तो आधार म्हणजेच...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अध्यक्ष मान हलवताहेत, म्हणजे सातच असावीत. चला, कायदेशीर बाजू, धावत.

१९६३ चा व्हिएन्ना करार. आपल्या नागरिकांच्या हिताचं रक्षण आणि त्यांना मदत हे वाणिज्य दूतावासाचं काम आहे, असं त्याच्या पाचव्या कलमात आहे. पण हा करार देशादेशांतला. दूतावासानं काय करावं हे तो सांगतो, तुम्हाला दावा लावू देत नाही. १९७० मध्ये ‘बार्सिलोना ट्रॅक्शन’ खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं स्पष्ट केलं की नागरिकाला राजनैतिक संरक्षण द्यायचं की नाही हे त्या देशानंच ठरवायचं. आपला पासपोर्ट घरी जाऊन उघडा. त्यात राष्ट्रपतींच्या नावानं इतरांना विनंती आहे, की या माणसाला मदत आणि संरक्षण द्या. इतरांना! स्वतः काय देणार त्याचा तिथं उल्लेख नाही.

काही देशांनी लिहून ठेवलंय. जर्मनीच्या वाणिज्य दूतावास कायद्यात आपत्तीत अडकलेल्यांना मदत करण्याचं वेगळं कलम आहे, खर्चवसुलीच्या तरतुदीसकट. फिलिपिन्सनं १९९५ च्या कायद्यात कामगाराला परत आणण्याची जबाबदारी आधी त्याला पाठवणाऱ्या एजन्सीवर आणि मालकावर टाकली. युद्ध झालं तर सरकारी कल्याण निधीनं आणायचं, वसुली नंतर बघायची. अमेरिका शक्यतो वचनचिठ्ठीवर सही घेऊन उधारीवर आणते; २००६ मध्ये लेबनॉनच्या वेळी ओरड झाली तेव्हा ते पैसे माफ केले. आपल्याकडे २००९ पासून दूतावासांत भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून खर्च होतो. पण निधी असणं म्हणजे हक्क असणं नव्हे.

आक्षेप दोन. पहिला, सूचना देऊनही जो निघाला नाही त्याला का आणायचं? माझं उत्तर : आणायचं, आणि वाटल्यास तिकिटाचे पैसे मागायचे. हट्टाची शिक्षा बॉम्बखाली मरणं असू शकत नाही. दुसरा, जो वर्षानुवर्षं बाहेर आहे, इथं कर भरत नाही, त्याचं आम्ही काय देणं लागतो? २००६ मध्ये लेबनॉनमधून सुमारे पंधरा हजार लोक आणल्यावर कॅनडात हाच वाद पेटला. काही जण लगेच तिकडे परत गेले होते. २००९ मध्ये त्यांनी परदेशात जन्मणाऱ्या पुढच्या पिढ्यांचं नागरिकत्व आखडतं घेतलं. निदान कॅनडानं भांडण उघड केलं. आपल्याला तर हा प्रश्न शोभतच नाही. परदेशातून घरी येणाऱ्या पैशात आपण जगात पहिले, वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर. त्यातला मोठा वाटा आखातातून येतो.

मर्यादाही मान्य करू. दुसऱ्याच्या भूमीवर त्याच्या संमतीशिवाय विमान उतरत नाही. २०१४ मध्ये इराकमधून ४६ परिचारिका सुखरूप आल्या; त्याच महिन्यांत मोसूलजवळ पकडलेले ३९ कामगार आले नाहीत. त्यांना आणता आलं नाही याबद्दल मी कुणाला दोषी धरणार नाही. पण ते गेले हे त्यांच्या घरच्यांना मार्च २०१८ मध्ये, संसदेत जाहीर झाल्यावर कळलं. कायदा हवा तो याच्यासाठीही. सुटकेची खात्री कुणी देऊ शकत नाही. प्रयत्नांची आणि खऱ्या माहितीची देता येते.

तेव्हा कायद्याच्या मसुद्यात काय हवं? धोक्याच्या पायऱ्या आधीच ठरलेल्या, आणि प्रत्येक पायरीवर सरकारनं काय करायचं ते बंधनकारक. शेवटच्या आधीच्या पायरीला विद्यापीठांशी आणि मालकांशी बोलण्याचं काम दूतावासाचं, पोराचं नाही. परदेशी जाणाऱ्यांची नोंदणी ऐच्छिक न ठेवता, कामाच्या व्हिसावर जाणाऱ्यांसाठी एजन्सीकडून सक्तीची. आधी कुणाला न्यायचं याचा क्रम जाहीर. आणि मोहीम संपल्यावर सहा महिन्यांत संसदेपुढे अहवाल : किती मागे राहिले, का राहिले. नागरिक नसलेली बायको, नवरा, लेकरं विमानात बसणार की नाही, हे धावपट्टीवर ठरू नये.

हे सगळं फार किचकट, कागदावर मावणार नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना एक दाखला द्या. युक्रेनमधून परतणाऱ्या मुलांनी आपली कुत्री-मांजरं बरोबर आणली तेव्हा पशुसंवर्धन विभागानं आयातीचे नियम एका वेळेपुरते सैल केले. लेखी, आणि काही दिवसांत. मी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत करतो. मांजरांचं झालंय, आता मालकांचं बघू.

वेळ संपली. प्रश्न दोनच घेऊ, आणि मघाशी जे मागून ‘बापूजी अण्यांवर बोला’ म्हणाले, त्यांनी बाहेर भेटावं.