हिरड्यांखालचं खाजण

(हर्णै इथे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, दवाखान्यात एक वाक्य मी सतत ऐकतो. “डॉक्टर, वय झालं, आता दात हलणारच.” बोलणारा कधी कधी जेमतेम पंचेचाळिशीचा असतो. मला फार वाईट वाटतं, कारण नुसत्या वयाने दात हलत नाहीत. ज्या हाडात ते रुतलेले असतात ते हाड झिजत जातं. त्याची पहिली खूण बऱ्याच वर्षांपूर्वी दिसलेली असते: दात घासताना चूळ तांबडी येते तेव्हा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्यांचं बूड तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा खरवडलंय. आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग टणक शिंपले. दातावर तेच होतं. घासलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेचा पातळ पापुद्रा बसतो. त्याला काही जिवाणू चिकटतात, त्यांना दुसरे चिकटतात, आणि सगळे मिळून भोवती चिकट आवरण करून राहतात. म्हणून तो थर चूळ भरून जात नाही, घासावाच लागतो. राहिला, तर लाळेतलं कॅल्शियम त्यात साचून कीटण होतं, आणि कीटण ब्रशने निघत नाही. १६८३ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहूकने आपल्या दातांवरचा असाच पांढरा थर काढून भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे जीव दिसले.

आता खाजणात चला. वर वारा भरभरून वाहत असतो, पण पाय रुतला की खालून काळा चिखल येतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. तिथे हवा पोचत नाही, म्हणून हवा न लागणारे जीव तिथे वाढतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटरची खाच असते. हिरडी सुजली, दातापासून सुटली, की ती खोल होते. ब्रशचे केस तिच्या तळाला पोचत नाहीत. तिथलं खाजण हेच. वासही तोच, गंधकाचा.

तिथे राहणाऱ्यांत पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू आहे. तो हिरडीतली प्रथिनं तोडून खातो, आणि त्याला लागणारं लोह तो आपल्या रक्तातून घेतो. म्हणजे हिरडीतून येणारं रक्त त्याला पोसतं. त्याच्याशी लढायला आपलं शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं. ही लढाई वर्षानुवर्षं चालते आणि तिच्या धगीत आपल्याच पेशी दाताभोवतीचं हाड विरघळवतात. हाड जिवाणू खात नाहीत, हे मला इथे ठासून सांगायचंय. मधुमेह असेल तर सूज जास्त भडकते, आणि हिरड्यांच्या सुजेने साखरही आवरेनाशी होते.

रक्त दिसलं की माणसं त्या बाजूला घासायचंच सोडतात. इथेच सगळं बिघडतं. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. सूज एवढी सहज उतरते. गेलेलं हाड मात्र आपोआप परत येत नाही.

पुढच्या रांगेतल्या आजींनी विचारलंय की दात साफ करून घेतले की ते सैल होतात ना? नाही, आजी. कीटणाने भरलेल्या फटी मोकळ्या होतात, सूज उतरते, म्हणून जिभेला तसं वाटतं. हाड आधीच गेलेलं असेल, तर कीटणाच्या आधाराने उभा राहिलेला दात हलताना जाणवतो, एवढंच. आणि मशेरी लावल्यावर रक्त थांबतं, असं तुम्ही म्हणालात. खरं आहे, थांबतं. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. सूज खाली तशीच चालू राहते, आणि चूळ पांढरी येते म्हणून माणूस दवाखान्यात येतच नाही.