चार ताटल्या, साठ लिटर पाणी

(गॅरेजचं शटर वर जातं. आत सीटा काढलेली व्हॅन.)

रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठी रात्री मुक्कामाला जायची ती हीच गाडी. सध्या आत नुसता पत्रा आहे. चौघांचं फिरतं घर करायचं म्हटलं की मिस्त्री आधी विचारतात, सामान किती?

आरसी बुकात एकूण वजनाचा आकडा असतो. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरलं त्यात माणसं, पलंग, पाणी, बॅटरी, गॅस, सगळं आलं. हिशेब चुकतो तो बहुतेक प्लायवूडपायी. 18 मिलिमीटरची 8 बाय 4 ची एक शीट 30 किलोच्या वर भरते. म्हणून इथे कपाटं 9 मिलिमीटरची, सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा. काम अर्धं झालं की गाडी वजनकाट्यावर न्यायची. पूर्ण झाल्यावर पुन्हा, तीही टाकी भरून.

(थिनरचा बोळा पत्र्यावर फिरतो.)

उष्णता अडवणारा फोम चिकटवण्याआधीचं हे काम कंटाळवाणं आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं. पत्रा तेलकट राहिला की नागपूरच्या पहिल्याच मे महिन्यात फोम लोंबायला लागतो. मग त्या पोकळीत पावसाळ्याची ओल बसते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. छतातला पंखा हवा बाहेर फेकतो, आणि त्याच्या विरुद्ध टोकाला, खालच्या अंगाला खिडकी. कूलर नाही. नागपूरकराला हे पटायला वेळ लागतो, पण कूलरला पाजायला इथे पाणीच नाही. हा छंद ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा.

(लाल-काळ्या वायरी, बॅटरी.)

12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे 1,280 वॉट-तास. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला पाचएकशे खातो. दोन पंखे रात्रभर चालले की आणखी चारशे. वर दिवे आणि मोबाइल. छतावरचं 200 वॉटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला सात-आठशे भरून देतं, तेही सावलीत गाडी लावली नाही तर. उरलेली तूट रस्त्यावर गाडीचा अल्टरनेटर भरतो, त्यासाठी मध्ये डीसी चार्जर लागतो.

घरी 1,000 वॉटची केटली साडेचार अँपिअर ओढते. इथे इन्व्हर्टरमागे तीच 80 च्या वर ओढेल. तेवढ्याला वायर बोटाएवढी जाड हवी. बारीक वायर आधी तापते, मग तिचं प्लास्टिक वितळतं. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात. बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरीला कुणी वाली नसतो. केटली अर्थातच घरी राहिली. मिक्सरही. चटणी खलबत्त्यात होते.

(टाकीत पाणी पडतं.)

साठ लिटर, म्हणजे साठ किलो. टाकी जमिनीलगत, दोन चाकजोड्यांच्या मध्ये. आत आडवी पडदी, नाहीतर अर्ध्या टाकीचं पाणी ब्रेकसरशी पुढे आदळतं. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी रोज 135 लिटरचा आहे. इथे साठ लिटर चौघांना दीड दिवस पुरवायचं. पिणं आणि स्वयंपाक वीस लिटर, भांडी बारा, हात-तोंड दहा, बाकी शिल्लक. नळाला पायपंप आहे. पाय थांबला की धार थांबते, मुलांना सांगावं लागत नाही. भांडी आधी कागदाने पुसायची, मग पाणी.

सिलिंडर वेगळ्या बंद पेटीत. पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो.

गाडीत असे बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. शौचालयाची टाकी घरच्या संडासातच रिकामी करायची.

(रामटेकचा गड दिसतो. गाडी तलावाकडे वळते.)

इथे घाई करू नका. आधी उतरून पायाने जमीन चाचपायची. तलावाकाठची काळी माती वरून भेगाळलेली, कडक दिसते. खाली लोण्यासारखी असते. मागचं चाक एकदा फिरलं की रुततं, आणि जितका अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तितकं खोल जातं. मुरूम असेल तिथेच थांबा. बाभळीखाली काटे पाहून घ्या. मग गवंड्याची लेव्हल बाटली ओट्यावर ठेवून ज्या बाजूला उतार असेल त्या चाकाखाली फळी. इतकी खटपट सिंकसाठी: गाडी कलती असेल तर पाणी भोकाकडे जात नाही. जागेच्या मालकाला विचारून मुक्काम. पेंचच्या जंगलात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही.

(गोवऱ्यांची आग. रोडगे.)

रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे, गाडीपासून लांब, मोकळ्या जागेवर. गोवऱ्यांच्या ज्वाळा निमाल्या, निखारा लाल झाला की मगच, नाहीतर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. वांग्याच्या भाजीवर सांभार, म्हणजे कोथिंबीर.

(उघडा डबा.)

चार ताटल्या, चार पेले, एक कुकर, एक तवा, एक सुरी. पाहुणा आला तर ताट घेऊन यायचं.

(सकाळ. टाकीची काचनळी.)

अठरा लिटर.