अनारकली ते जोधाबाई

नागपूर केंद्राच्या सर्व श्रोत्यांना नमस्कार. सुलोचना म्हटलं की आपल्याला सुलोचना लाटकर आठवतात, नाहीतर लावणीच्या सुलोचना चव्हाण. आज बोलायचंय ते या दोघींच्या आधीच्या सुलोचनेबद्दल.

तिचं खरं नाव रूबी मायर्स. १९०७ साली पुण्यात, ज्यू घरात जन्मलेली. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात बोलावलं तेव्हा आधी तिनं चक्क नाही म्हटलं. तेव्हा बाईनं पडद्यावर येणं कुणाला रुचायचं? पुढे मात्र असा जम बसला की १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये एकटीनं आठ सोंगं वठवली. त्यात माळी आला, पोलीस आला, केळी विकणाराही आला.

आत्ता तुमच्यापर्यंत माझा फक्त आवाज पोचतोय. तिच्या प्रेक्षकांना फक्त चेहरा मिळायचा. १९२८ मध्ये दुसरी एक कंपनी बक्कळ पैसा ओतून अनारकलीची कथा पडद्यावर आणत होती. इंपीरियल कंपनीनं घाईघाईत सुलोचनेला घेऊन आपला 'अनारकली' आधीच लावला, आणि तो चालला!

मग १९३१ साली आपला पहिला बोलपट 'आलम आरा' आला, तोही तिच्याच इंपीरियलचा. पण नायिका झुबेदा. कारण उघड होतं, सुलोचनेचं हिंदुस्थानी कच्चं. दुसरी एखादी रुसून घरी बसली असती. हिनं कामातून सुट्टी काढली, भाषा शिकली आणि १९३२ मध्ये आपलाच 'माधुरी' बोलपट करून परतली. जुन्या मूकपटांचे बोलपट निघत गेले. मूकपटातली 'इंदिरा बी.ए.' १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.' झाली, म्हणजे नायिकेचं शिक्षणही वाढलं म्हणायचं! १९३५ मध्ये ती पुन्हा अनारकली झाली, या वेळी बोलणारी.

त्यानंतर मात्र मुख्य भूमिका आटत गेल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, ही मला फार उशिरा आलेली जाग वाटते. १९८३ साली ती गेली.

१९५३ चा 'अनारकली' आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. ज्येष्ठ मंडळींनी कदाचित बर्डीवरच्या थेटरात. त्यात अनारकली बीना राय, आणि सलीमची आई जोधाबाई म्हणजे आपली ही सुलोचना. दोनदा अनारकली झालेली बाई तिसऱ्यांदा अनारकलीच्या प्रियकराची आई! पुन्हा कधी तो चित्रपट लागला, तर गाण्यांच्या मधल्या प्रसंगांत जोधाबाईकडे जरा नीट पाहा. नमस्कार.