दीड इंचाचं दार

(दृश्य : लाकडी पेटी. बाजूच्या फळीवर बोटांची टकटक. मादी भोकातून बाहेर झेपावते.)

पक्ष्यांच्या घरट्यासाठी लावलेली ही पेटी. ती उघडण्याआधी टकटक करायची. आत मादी अंड्यांवर बसली असेल, तर तिला बाहेर पडायला सवड मिळते. कधीकधी ती हलतच नाही, अंड्यांना चिकटून बसून राहते. मग फळी हळूच लावून घ्यायची, कार्डावर ‘मादी बसलेली’ एवढंच लिहायचं आणि पुढच्या पेटीकडे चालू लागायचं.

आज उडाली.

(दृश्य : फळी उघडते. गवताचं खोलगट घरटं, त्यात पाच निळी अंडी. जवळून.)

पाच. गेल्या आठवड्याच्या कार्डावर दोन आहेत. ब्लूबर्ड या छोट्या निळ्या पक्ष्याची मादी रोज सकाळी एक अंडं घालते आणि सगळी घालून झाल्याशिवाय उबवायला बसत नाही. त्यामुळे पहिलं अंडं आणि शेवटचं अंडं जवळपास एकाच दिवशी फुटतं. उबवणीला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे पिल्लं कधी निघणार, ती कधी उडणार, आणि कुठल्या तारखेनंतर ही पेटी उघडायची नाही, हे सगळं त्या दोन आकड्यांवरून आजच मांडता येतं. ते मांडायचं मात्र फळी बंद केल्यावर.

हे अमेरिकेतलं मेरीलँड राज्य. मे महिना, सकाळचे आठ. माळाच्या कडेने खांबांवर चौदा पेट्या उभ्या आहेत, एकमेकींपासून शंभरेक यार्डांवर. त्याहून जवळ लावल्या तर दोन ब्लूबर्ड नर भांडणातच हंगाम घालवतात. अशा ओळीने लावलेल्या पेट्यांना इथे ‘ट्रेल’ म्हणतात. या ट्रेलवर दर आठवड्याला कुणीतरी चालतंच. पगार नाही, गणवेश नाही. हातात एक कार्ड, खिशात पेन्सिल आणि पाठीवरच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर, खरवडायची पट्टी, आरसा आणि अंगाच्या साबणाची वडी. साबणाचं पुढे सांगू.

(दृश्य : खांबावर बसलेला नर. गवतात सूर मारतो, चोचीत अळी घेऊन परत खांबावर.)

हा नर. ईस्टर्न ब्लूबर्ड. आपल्या कस्तुराच्या कुळातला, अंगाने चिमणीपेक्षा थोडा मोठा, वजन जेमतेम तीस ग्रॅम. पाठ निळी, छाती विटकरी, पोट पांढरं. त्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नाहीच. पिसांची सूक्ष्म रचना उजेडातली निळाई तेवढी परत पाठवते. ढगाळ हवेत हाच पक्षी मळकट राखाडी दिसतो. आमच्याकडची तसली दृश्यं आम्ही बाजूला ठेवली.

साठ फुटांवरून त्याला गवतातला किडा दिसतो. पण झाडाचं खोड कोरणं त्याच्या चोचीला जमत नाही. ढोली लागते, आणि ती दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली लागते. सुतार पक्ष्याने सोडलेली, किंवा कुजून पोकळ झालेल्या फांदीतली. त्याची सगळी गोष्ट या एका अडचणीतून सुरू होते.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी कुंपणं, सफरचंदाच्या बागा.)

एके काळी शेताशेतांत लाकडी खांबांची कुंपणं होती. खांब कुजायचे, त्यांना भोकं पडायची, ब्लूबर्डची सोय व्हायची. जुन्या सफरचंदाच्या झाडांतही ढोल्या असायच्या. पुढे लोखंडी खांब आले, वाळलेली झाडं ‘साफ’ करायची पद्धत पडली, बागांवर कीटकनाशकांचे फवारे सुरू झाले. त्यात ज्या मोजक्या ढोल्या उरल्या, त्यांच्यासाठी दोन नवे भाडेकरू आले.

पहिली आली चिमणी. आपलीच, घरातली चिमणी. 1851-52 च्या सुमारास ती युरोपातून ब्रुकलिनमध्ये आणून सोडली. झाडांवरच्या अळ्या खाईल अशी आशा होती. काही दशकांत ती देशभर पसरली. दुसरा स्टारलिंग, आपल्या मैनेचा भाऊबंद. 1890 मध्ये युजीन शिफेलिन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठेक स्टारलिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीसेक. दोघेही ढोलीत राहणारे, दोघेही आक्रमक. ब्लूबर्ड वसंतात परत यावा तोवर ढोलीत यांचं बस्तान बसलेलं. वर 1950 च्या दशकाच्या अखेरीचे कडक हिवाळे. मग अशी वेळ आली, की ज्यांच्या लहानपणी हा पक्षी परसात दिसायचा, त्यांच्या नातवंडांनी तो फक्त चित्रात पाहिलेला असायचा.

(दृश्य : रस्त्याकडेच्या खांबांवर जुन्या पेट्या. नकाशावर इलिनॉय.)

1934. इलिनॉय राज्यातलं क्विन्सी गाव. टी. ई. मसलमन नावाच्या गृहस्थांनी गावाबाहेरच्या रस्त्यांच्या कडेने पेट्या लावायला सुरुवात केली. परसात एखादी पेटी लावणारे त्याआधीही होते. मसलमन यांनी मैलोन् मैल ओळच लावली, म्हणजे एका फेरीत सगळ्या पेट्या बघून होतील. पेट्यांचा ट्रेल ही मूळ त्यांची कल्पना.

ती देशभर नेली ती मात्र इथल्याच, मेरीलँडच्या एका माणसाने. लॉरेन्स झेलेनी. जीवरसायनशास्त्रज्ञ, नोकरी केंद्र सरकारच्या कृषी खात्यात. निवृत्तीनंतर त्यांनी बेल्ट्सविलच्या कृषी संशोधन केंद्राच्या आवारात साठेक पेट्यांचा ट्रेल सांभाळला. 1977 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात त्यांचा लेख आला आणि पत्रांचा पाऊस पडला. पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, ‘नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी’ स्थापन झाली. तेव्हा झेलेनी सत्तरी ओलांडलेले होते. आजही ट्रेलवर भेटणाऱ्यांत निवृत्त माणसंच जास्त. आमच्या कॅमेऱ्यात तरी तीच जास्त आली आहेत.

(दृश्य : कार्यशाळा. फळ्यांना भोक पाडणारं यंत्र, भुसा. भोकात धरलेली मोजपट्टी.)

दीड इंच. अडतीस मिलिमीटर. ब्लूबर्ड आत शिरतो, स्टारलिंगचे खांदे अडतात. भोक जरा सैल झालं, की स्टारलिंगही आत. म्हणून सुतार पक्ष्याने टोचून मोठं केलेलं भोक दिसलं तर त्यावर दीड इंची भोकाची नवी पट्टी ठोकतात.

लाकूड देवदाराचं किंवा पाईनचं, आतून रंग नाही. तळाला पाणी निथळायला छिद्रं, छपराखाली हवेला फट. भोकाखाली आतल्या बाजूने करवतीच्या खाचा, पिल्लांना वर चढायला पायरी म्हणून. बाहेर काडी मात्र लावायची नाही. दुकानांत मिळणाऱ्या शोभेच्या घरट्यांना दारापुढे हमखास एक गोंडस काडी असते. ब्लूबर्डला तिचा उपयोग नाही. चिमणीला आहे.

(दृश्य : खांबावरचं पत्र्याचं नळकांडं. त्याला वळसे घालणारा काळा साप, मग जमिनीवर परत.)

खांबाला पेटीखाली दोनेक फूट लांबीचं पत्र्याचं नळकांडं अडकवलेलं आहे. हा रॅट स्नेक, बिनविषारी, झाडावर सरसर चढणारा. या दृश्यासाठी आम्हाला काही करावं लागलं नाही. तो आपण होऊन आला, पत्र्यावर घसरला आणि कंटाळून गेला. रॅकूनलाही हाच पत्रा अडवतो.

(दृश्य : साबणाची वडी छपराच्या आतल्या बाजूला घासणारा हात.)

आणि हा साबण. गांधीलमाश्या पेटीच्या छताला आतून पोळं लटकवतात. साबण चोळला की पोळ्याचा देठ धरत नाही.

(दृश्य : एकामागून एक उघडणाऱ्या पेट्या. शेवाळाचं, पिसांचं, काटक्यांचं घरटं.)

प्रत्येक पेटीत ब्लूबर्ड असेलच असं नाही. घरटं पाहूनच मालक ओळखायचा. बारीक सुकं गवत किंवा पाईनच्या सुया, नीट वळवलेल्या : ब्लूबर्ड. हिरवं शेवाळ आणि वर केसांची गादी : चिकडी. गवतावर पांढरी पिसं : झाडपाकोळी, म्हणजे ट्री स्वॅलो. नुसत्या काटक्या : हाऊस रेन, हा शेजाऱ्याच्या अंड्यांना चोचीने भोक पाडणारा. तरीही रेनच्या काटक्यांना हात लावायचा नाही, त्यात अंडी असताना तर नाहीच. 1918 च्या कायद्याने देशी पक्ष्यांची घरटी सुरक्षित आहेत.

आता नऊ नंबरची पेटी.

(दृश्य : पेटीत कोंबलेलं गवत, कागदाचे कपटे, प्लॅस्टिकचा तुकडा. दोन बायका. थोरली साडीवर स्वेटर घातलेली.)

या ट्रेलची शनिवारची पाळी ज्यांच्याकडे आहे, त्या मूळच्या नाशिकच्या. सासूबाई काही महिन्यांसाठी आल्या आहेत. पेटीतलं गवत, कपटे, प्लॅस्टिक एका नजरेत ओळखीचे. सुनेने हात घातला तेव्हाचा हा मूळ आवाज आम्ही तसाच ठेवला आहे.

(मूळ आवाज)
‘अगं, मोडतेस काय? चिमणीचं आहे ना ते?’
‘हो आई. म्हणूनच.’

नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांत लोक चिमणीसाठी जवळपास अशाच पेट्या टांगतात, ती आली की शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात. चिऊचं घर मेणाचं ऐकत वाढलेल्या माणसाला नऊ नंबरच्या पेटीपाशी जे वाटतं ते सासूबाईंच्या चेहऱ्यावर आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

(दृश्य : सासूबाईंचा चेहरा. मग पेटीच्या छपरावर काळ्या गळ्याचा नर चिमणा.)

दीड इंचाचं दार स्टारलिंगला थांबवतं, चिमणीला नाही. ती ब्लूबर्डहून लहान आहे. ब्लूबर्डची मादी आत अंड्यांवर असताना नर चिमणा शिरतो आणि अरुंद जागेत तिच्या डोक्यावर टोचा मारतो. कधी पुढच्या फेरीत पेटी उघडल्यावर मेलेली मादी सापडते आणि तिच्या अंगावरच रचलेलं नवं गवत. हे दृश्य आमच्याकडे आहे. दोन सेकंदांहून जास्त दाखवत नाही.

चिमणीचं नुसतं घरटं काढून टाकणं नवख्यांना सोपं वाटतं. पण नर चिमण्याची निष्ठा जागेशी असते. मोडलं की तो चिडतो आणि शेजारच्या पेटीतल्या ब्लूबर्डवर जातो. म्हणून अनुभवी लोक घरटं राहू देतात आणि अंडी बदलतात. खोटी अंडी ठेवायची, तीही मापाची, ठिपक्यांची. चिमणी त्यांवर बसून राहते, नर पेटी राखत बसतो आणि शेजारी सुखात. ब्लूबर्डने पहिलं अंडं घातलं, की त्याच्या पेटीवर चकाकत्या पट्ट्या सोडतात. चिमणी वाऱ्यावर हलणाऱ्या त्या चकाकीला बुजते, ब्लूबर्ड लवकर सरावतो. चिमणी आणि स्टारलिंग 1918 च्या कायद्याच्या बाहेर आहेत. काही ट्रेलवर सापळेही लावतात.

यातली कुठलीही गोष्ट पेटी लावून घरी गेलेल्या माणसाच्या हातून होत नाही. ज्या पेटीकडे आठवडेच्या आठवडे कुणी फिरकत नाही, तिथे चिमण्यांचं एकामागून एक वेत निघतं. तशी पेटी काढून आणलेली बरी, असं इथली जुनी माणसं स्पष्ट सांगतात. आम्हालाही ते पटलं. भिंतीवर, झाडावर हौसेने लावलेल्या किती पेट्या आम्ही वाटेत पाहिल्या!

(दृश्य : पिल्लं. गुलाबी, उघडी, बंद डोळ्यांची. मग पंखांवर निळ्या नळ्या. मग दाटीवाटीने बसलेली पाच.)

पहिला दिवस. पाचवा. बारावा.

गवत अलगद उचलून खाली आरशाने पाहायचं. माशीच्या अळ्या दिवसा गवतात दडतात आणि रात्री पिल्लांचं रक्त पितात. फार असतील तर घरटंच बदलायचं, त्याच मापाचं कोरडं गवत हाताने वळून. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकून देते, हा समज खोटा आहे. हे सगळं चालू असताना नर-मादी दोघं समोरच्या तारेवर अळ्या धरून थांबलेली असतात.

तेराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नाही. पंख पुरे व्हायच्या आत पिल्लं घाबरून बाहेर उड्या घेतात आणि मग ती आत टिकत नाहीत. इथून पुढे फक्त लांबून, दुर्बिणीतून. उडण्याचा दिवस साधारण सतरावा-अठरावा.

(दृश्य : भोकातून बाहेर डोकं. पहिली झेप. दुसरी. पाचवी.)

(संगीत. निवेदन नाही.)

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. कार्डांची चळत, संगणक.)

कार्डावरचे आकडे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या ‘नेस्टवॉच’ प्रकल्पात भरले जातात : किती अंडी, किती पिल्लं, किती उडाली, काय बिघडलं. 1966 पासून चालू असलेल्या उत्तर अमेरिकेच्या पक्षी सर्वेक्षणात ईस्टर्न ब्लूबर्डची संख्या वाढत गेली आहे.

(दृश्य : पट्टीने खरवडलेली रिकामी पेटी, जुनं घरटं पिशवीत. तारेवर नर, त्याच्यामागे चोच वासून बसलेली पिल्लं. मादीच्या चोचीत गवताची काडी.)

पिल्लं उडाली की जुनं घरटं काढून पेटी झटकायची. नर थोरल्यांना भरवत राहतो आणि मादी त्याच पेटीत दुसऱ्या वेताची तयारी सुरू करते. मेरीलँडमध्ये हे ऑगस्टपर्यंत चालतं. जुलैत रजेवर जाणारे आपली पाळी आत्ताच दुसऱ्याला देऊन ठेवतात, कारण उन्हाळ्यात एक आठवडा चुकला तरी चिमणीला तो पुरतो. कार्ड लिहायचं काम हल्ली सासूबाईंकडे आहे. सून पेटी उघडून आकडे सांगते, त्या मराठी आकड्यांत लिहितात आणि रात्री संगणकात भरताना सून ते वाचून दाखवते. नऊ नंबरला आज पुन्हा कागदाचे कपटे आहेत. खोटी अंडी पिशवीत आहेत.