मेजर, ऊस गेल्यावर देतो

नमस्कार श्रोतेहो.

मी इएमईमधून, म्हणजे फौजेच्या गाड्या-तोफा दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून पेन्शनीला आलो. गावात मात्र सगळे मला मेजर म्हणतात. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, तो मेजरच. त्याला कुणी कागद विचारत नाही. कागद विचारतात ते बँकेत, आणि आज मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

देशभरात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक निवृत्त होतात. त्यातले बरेचसे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. मुलं शाळेत, आईवडील थकलेले आणि खात्यात एकदम मोठी रक्कम: ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स आणि पेन्शन विकून आलेले पैसे. विकून हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कम्युटेशन म्हणजे आपल्याच पुढच्या पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा आज उचलणं. तेवढी पेन्शन मग १५ वर्षं कापून येते. पण खात्यातला आकडा आपल्याआधी भावकीला पाठ होतो. कुणी प्लॉट दाखवतो, कुणी डंपरमध्ये भागीदारी देतो.

मला शेतीच्या अवजारांचं आणि वेल्डिंगचं वर्कशॉप टाकायचं होतं. मशीनचा भाव काढून ॲडव्हान्स द्यायला निघालो होतो. सहज म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डोकावलो, तर तिथल्या क्लार्कसाहेबांनी विचारलं, "काही खरेदी केलंय का?" म्हटलं, अजून नाही. "मग करूच नका," म्हणाले.

त्याचं कारण असं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे केंद्राच्या कर्ज-अनुदानाच्या योजनेत, पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला मिळतं. आधी शेड ठोकली, मशीन चालू केलं आणि मग अर्ज नेला, तर तो बसत नाही. या योजनेत माजी सैनिक विशेष प्रवर्गात मोडतो. स्वतःचे ५ टक्के घालायचे. अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के. समजा, खेड्यातला १० लाखांचा प्रकल्प आहे. आपले ५० हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख आणि अनुदान साडेतीन लाख. जागेची किंमत मात्र प्रकल्पात धरत नाहीत.

आता इथं लक्ष द्या, कारण फौजी मंडळी इथंच फसतात. ते साडेतीन लाख आपल्या हातात पडत नाहीत. ते बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून राहतात. त्यावर बँक व्याज देत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लावतही नाही. ३ वर्षांनी उद्योग चालू आहे का ते बघून रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे 'अनुदान आलं की लोखंड भरू' असा हिशेब मांडलात, तर शेडमध्ये मशीन असेल आणि मशीनखाली लोखंड नसेल. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तिथंच आहे. अर्ज करण्याआधी चालू नियम तिथूनच विचारून घ्या.

आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांना एक सांगणं. निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात. आपल्यातले बहुतेक जण कोर्स निवडताना धंदा बघत नाहीत, घराजवळचं सेंटर बघतात. मीही तेच केलं. संगणकाचा कोर्स केला आणि आज वेल्डिंग करतोय.

कर्ज झालं, दुकान उघडलं. फौजेत इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगच्या कांड्या, संपले की मागणी लिहायची, स्टोअरमधून माल यायचा. त्याची किंमत काय, हे सतरा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एकानं ट्रेलरचा तुटलेला हुक आणला. मी फौजी पद्धतीनं काम केलं: जुनं वेल्डिंग पूर्ण घासून काढलं, कडा उतरवल्या, तीन थर दिले. साडेतीन तास गेले. "किती झाले मेजर?" मला आकडाच सांगता येईना. "द्या काय द्यायचे ते," म्हणालो. त्यानं दोनशे दिले. इलेक्ट्रोड आणि वीजच त्याहून जास्त गेली होती.

तो निदान देऊन तरी गेला. बाकीचे म्हणायचे, "मेजर, ऊस गेल्यावर देतो." ऊस जायचा, बिलाचा हप्ता यायचा, माणूस दुसऱ्या रस्त्यानं जायचा. पैसे मागायला मला लाज वाटायची. वर्षाअखेर उधारी लाखाच्या वर गेली.

उधारीची वही एका रात्री आमच्या मंडळींनी उघडली. मी सीमेवर असताना माझ्या पगारात घर, दोन एकर रान, वडिलांचं आजारपण आणि मुलांच्या फिया तिनंच सांभाळल्या होत्या. धंद्याचा अनुभव घरात कुणाला असेल तर तिला, आणि बँकेत मी एकटाच गेलो होतो. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला पेन्शन आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तुमचे पैसे सगळ्यात शेवटी." दुसऱ्या दिवशी तिनं पत्र्यावर पाटी रंगवून घेतली: मजुरी आधी ठरवा, निम्मे पैसे कामाआधी. काही गिऱ्हाइकं तुटली. त्यात माझा एक चुलतभाऊही होता.

अग्निवीरांच्या घरीही हे ऐकत असतील. २०२२च्या अग्निपथ योजनेत ४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. तेव्हा मघाशी सांगितलेली सवलत आपल्याला आपोआप मिळेल असं धरून चालू नका. माझी लाखाची उधारी पेन्शननं पचवली. तुमच्या मुलाला ती पचवता येणार नाही. त्याला पहिल्या दिवसापासून पाटी लावायला सांगा.

तो चुलतभाऊ परवा ट्रॉली घेऊन परत आला. निम्मे पैसे आधी दिले का, ते मला नक्की माहीत नाही. वही आता माझ्याकडे नसते.

नमस्कार.